न्यूट्रलमधली खडखड : गिरगाव, दादर, परळ, लालबाग

न केलेली चूक माणूस 'हो साहेब' म्हणून कबूल का करतो? मला याचं उत्तर माहीत नाही आणि या पोस्टच्या शेवटीही ते सापडणार नाही, हे आधीच सांगते. सापडेल ते एवढंच, की हाताने गिअर टाकायच्या जुन्या स्पोर्ट्स गाडीत इंजिन हळू फिरताना विचित्र आवाज येत असेल, तर तो कसा शोधावा, मुंबईतले कुठले रस्ते त्यासाठी बरे आणि वाटेत कुठे थांबावं. एरवी मी इथे किल्ल्यांबद्दल आणि एसटीने केलेल्या कोकणातल्या भटकंतीबद्दल लिहिते. या वेळचा प्रवास एका रविवारचा, आपल्याच शहरातला. पण इतकी चिडून मी कुठल्याही प्रवासातून परतले नव्हते.

माझे बाबा ड्रायव्हर आहेत. गिरगाव चौपाटीजवळच्या एका जुन्या इमारतीत एक निवृत्त सॉलिसिटर राहतात, त्यांच्याकडे. मी शाळेत जायच्या आधीपासून बाबा तिथे आहेत. साहेबांच्या दोन गाड्या. रोजची पांढरी, आणि दुसरी लाल, दोन सीटांची, छप्पर उघडणारी, परदेशी बनावटीची. लाल गाडी हा साहेबांचा जीव. तिला बाहेरच्या माणसाने हात लावलेला चालत नाही. बॅटरी उतरू नये म्हणून बाबा ती एक दिवसाआड सुरू करतात आणि मरीन ड्राइव्हला एक फेरी मारून आणतात.

त्या रविवारच्या आधीच्या सोमवारी संध्याकाळी मी बाबांना घ्यायला तिथे गेले होते. आईचा चष्मा गिरगावातून आणायचा होता. खाली आवारात बाकीच्या फ्लॅटचे ड्रायव्हर कट्ट्यावर बसले होते. लाल गाडी सुरू होती आणि रिकाम्या डब्यात सुपाऱ्या घालून कुणी हलवाव्यात तशी पोटातून खडखडत होती. साहेब समोर उभे. त्यांचा मुलगा निखिल, जो परदेशातून दोन महिन्यांच्या सुट्टीवर आलाय, जिन्याच्या पायरीवर फोनमध्ये डोकं घालून.

"क्लच जाळलास तू, गावडे," साहेब म्हणाले. आवाज चांगला मोठा. "एवढी वर्षं गाडी चालवतोस, अजून क्लचवरचा पाय काढता येत नाही? रविवारी घेऊन जा आणि नीट करून आण."

बाबा म्हणाले, "हो साहेब."

कट्ट्यावर कुणी तरी घसा खाकरला. मला आतून पेटल्यासारखं झालं. ड्रायव्हरची नोकरी जाहिरातीने मिळत नाही, ती अशा कट्ट्यांवरून मिळते. कोण पितो, कोण पेट्रोल चोरतो, कोणाचा हात चांगला, हे सगळं तिथे ठरतं. साहेब सत्तरीच्या पुढे आहेत. ते उद्या गाड्या विकून मोकळे होतील, तेव्हा बाबांच्या गाठीला स्वतःचं नाव सोडून काही असणार नाही. आणि 'गावडेने क्लच जाळला' ही गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी बाबुलनाथपर्यंत पोचली असणार.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. मेकॅनिकल केलं आणि आता पंप बनवणाऱ्या कंपनीत यंत्रांची कंपनं मोजते. म्हणजे आवाज ऐकायचा मला पगार मिळतो. बाबांना म्हटलं, "रविवारी मी येणार."

"तू खंय येतंस? दिवसभर गॅरेजा फिरूची आसत."

"म्हणूनच येणार."

गिरगाव, सकाळ

ज्यांना स्वतःच्या गाडीचा आवाज शोधायचाय त्यांना पहिला सल्ला : गाडी थंड असताना सुरुवात करा. गाडी तापली की सायलेन्सरवरच्या पत्र्यांना हात लावता येत नाही, आणि निम्मे विचित्र आवाज या सैल पत्र्यांचेच असतात. आम्ही इंजिन बंद असतानाच खाली वाकून एकेक पत्रा ठोकून पाहिला. सगळे घट्ट. मग बाबांनी गाडी सुरू केली, गिअर न्यूट्रलमध्ये. खडखड आली. "आता क्लच दाबा," मी म्हटलं. बाबांनी क्लच दाबला आणि खडखड गप्प. सोडला, पुन्हा सुरू. दाबला, गप्प.

इथेच माझं डोकं फिरलं. क्लच जळला की गाडी घसरते. इंजिन ओरडतं, पण वेग वाढत नाही, करपट वास येतो. उभ्या गाडीत न्यूट्रलला असली खडखड होणं हे जळलेल्या क्लचचं लक्षणच नव्हे. क्लच दाबून आवाज येत असता तर क्लचच्या बेअरिंगवर संशय घेतला असता. इथे उलटं होतं. क्लच दाबला की इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून सुटतात, आणि ते सुटले की आवाज थांबत होता. म्हणजे आवाज गिअरबॉक्सच्या आत, आणि त्याला हलवणारं काही तरी इंजिनाकडून येत होतं. हे कळायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. साहेबांनी तेवढीही थांबायची तसदी घेतली नव्हती.

पेडर रोड ते दादर

रविवारी सकाळी आठच्या आत निघालात तर केम्प्स कॉर्नरचा पूल आणि पेडर रोड मोकळे मिळतात. चढ आहे, सिग्नल कमी, क्लचची परीक्षा घ्यायला यापेक्षा चांगली जागा दक्षिण मुंबईत नाही. बाबांना चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबायला सांगितला. इंजिनाचा काटा जेवढा वर गेला, तेवढाच वेगही वाढला. घसरणं नाही, वास नाही. क्लच ठणठणीत.

पण तिथेच दुसरा आवाज ऐकू आला. हा खडखडीसारखा नव्हता. घुमणारा, जड, सगळ्या गाडीला हुडहुडी भरल्यासारखा. मी गिअरकडे पाहिलं. वेग सायकलला शोभेल एवढा आणि गिअर चौथा.

"बाबा, चौथ्यात का?"

"मग कितव्यात? टॉपात टाकूची आणि सोडून देवची. पेट्रोल कमी खाता."

बाबा आधी टॅक्सी चालवायचे. भाड्याच्या टॅक्सीत पेट्रोल वाचलं तर तेवढंच घरी यायचं, म्हणून गाडीने जरा वेग घेतला की वरचा गिअर, ही तेव्हाच्या सगळ्यांची सवय. जुन्या टॅक्सीच्या इंजिनाला ते चालायचं. या लाल बाईला नाही चालत, ती कण्हते.

"पण हे पेट्रोल साहेबांचं आहे."

"म्हणान काय झाला?" बाबांना माझा प्रश्नच कळला नाही. ज्यांच्या पेट्रोलचा थेंब थेंब हा माणूस इतकी वर्षं वाचवत आला, त्यांनी त्याला चारचौघांत अडाणी ठरवलं होतं. हाजी अलीचा समुद्र त्या दिवशी चांगला दिसत असणार. मी पाहिला नाही.

वरळी, प्रभादेवीवरून दादरला आलो. सिद्धिविनायकाच्या आसपास रविवारीही गाडी लावायचा विचार करू नका. पुढे येऊन गोखले रोडच्या आतल्या गल्लीत लावा. तिथल्या एका जुन्या उपाहारगृहात मिसळ आणि साबुदाणा वडे खाल्ले, वर पीयूष. दोघांचं तीनशेच्या आत झालं. मिसळ झणझणीत होती आणि माझ्या मनःस्थितीला साजेशी होती.

जवळच एक गॅरेज उघडं होतं. गळ्यात सोन्याची साखळी घातलेला मालक आला, बॉनेटवर हात ठेवला आणि बाबांना म्हणाला, "क्लच प्लेट. बॉक्स उतरवायला लागेल. गाडी ठेवून जा."

"तुम्ही ऐकलं तरी का?" मी विचारलं. "क्लच दाबल्यावर आवाज बंद होतो."

त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. बाबांना विचारलं, "ह्या कोण?"

"मुलगी. इंजिनिअर आसा."

"वा वा. मग मॅडमना सावलीत बसवा ना, ऊन लागेल." आणि त्याच्या माणसांकडे पाहून हसला.

मी सावलीत बसले नाही. "पेडर रोडच्या चढावर क्लच घसरला नाही," मी म्हटलं. "न घसरणारा क्लच बदलायला गिअरबॉक्स का उतरवायचा?"

"काका, तुम्ही ठरवा," तो बाबांना म्हणाला, "गाडी तुम्ही चालवता की ही."

बाबा हसले. तेच ओशाळं हसू, जे मी आवारात पाहिलं होतं. मला त्या साखळीवाल्यापेक्षा त्या हसण्याचा जास्त राग आला.

भोईवाडा

तिथून परळला गेलो. भोईवाड्यात कोर्टाच्या बाजूच्या गल्ल्या रविवारी शांत असतात. ना वकील, ना पक्षकार. दोन्हीकडे भिंती असल्या की गाडीचा आवाज त्यांवर आपटून परत येतो आणि काच खाली करून बसलं की स्पष्ट ऐकू येतो. ही युक्ती लक्षात ठेवा, फुकट आहे.

इथे मी स्टिअरिंग घेतलं. बाबांनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. मी दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन चांगलं फिरू दिलं, मग तिसरा टाकला. तो जड घुमणारा आवाज कुठेच नव्हता. गाडी अशी पळाली की बाबांच्या तोंडून "अरे तिच्या!" निघालं. मग थांबून न्यूट्रल केलं. खडखड जशीच्या तशी.

म्हणजे आवाज दोन होते. घुमणारा बाबांच्या लवकर वरचा गिअर टाकण्यामुळे येत होता आणि गिअर बदलायची सवय बदलली की जात होता. खडखडीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. साहेबांनी दोन्हींची मोट बांधून बाबांच्या डोक्यावर ठेवली होती.

लालबागला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर मसाला कांडपाचं मशीन आहे. मुसळ मिरच्यांवर पडतंय की रिकाम्या उखळात, हे तिसऱ्या मजल्यावर झोपूनही कळतं. रिकामं असलं की ते जास्त वाजतं. न्यूट्रलमध्ये गिअरच्या दात्यांवर भार नसतो, त्यामुळे इंजिनाचा प्रत्येक धक्का त्यांना एकमेकांवर आपटवतो. हे धक्के पोटात घ्यायला इंजिन आणि क्लचच्या मध्ये एक जड चाक असतं, फ्लायव्हील. चांगल्या गाड्यांत त्याच्या आत स्प्रिंगाही असतात.

"फ्लायव्हीलला काही तरी झालंय," मी म्हटलं. "कुणी ते काढलं होतं का?"

बाबांनी डॅशबोर्डवरचे हात काढले. मग म्हणाले, "पुढे डावीकडे घे."

डावीकडे, एका जुन्या गोदामात, गॅरेज होतं. दादरच्या मानाने मोठं आणि चकचकीत, भिंतीवर शर्यतीच्या गाड्यांचे फोटो. मालक बाबांना बघताच ओरडला, "काय गावडे, आला ना आवाज? मी पोराला तेव्हाच बोललो होतो. बोललो, हलकं फ्लायव्हील टाकशील तर इंजिन चटकन उचलेल, पण खाली खडखड करेल. मग माझ्या नावाने बोंब मारायची नाही."

"कुठला पोरगा?" मी विचारलं.

"साहेबांचा! निखिल. पप्पांना सांगू नका, बोलला. गावडेच तर गाडी न्यायला आले होते."

मी बाबांकडे पाहिलं. ते कोपऱ्यात पाहत होते. तिथे गाडीचं मूळचं जड फ्लायव्हील पडलं होतं. मालकाने ते पायाने ढकलत आणलं. "घेऊन जा हे. जागा अडते माझी. आणि घाबरू नका, नुकसान काही नाही. नुसता आवाज आहे."

आम्ही ते गोणपाटात गुंडाळून डिकीत ठेवलं.

लालबाग, जेवणाची वेळ

चाळीसमोर लाल गाडी लावायला जागा मिळाली हा त्या दिवसातला एकमेव चमत्कार. शेजारचे परबकाका गॅलरीतून ओरडले, "गावडेनू, लॉटरी लागली काय?"

"आवाज ऐकतास ना?" बाबा म्हणाले. "लॉटरीचोच."

वर आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं. मी ताटावर बसले नाही.

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"माका ठाऊक होता."

"आणि तो समोर उभा होता, पायरीवर! फोनमध्ये बघत! तुम्हाला शिव्या बसत होत्या आणि तो गप्प. आणि तुम्ही 'हो साहेब'?"

"त्याका शाळेत कोण सोडूक जाय? मी. बापाक घाबरता तो अजून. पोराचा नाव बापासमोर मी कसा घेऊ?"

"त्याने तुमचं घेऊ दिलं ना!"

"आदी जेवा," आई म्हणाली. "आवाज खंय पळान जावचो नाय."

जेवलो. मी प्रत्येक घास रागाने गिळला. बाबा सावकाश काटे काढत होते, जणू आपल्याबद्दल बोलणं चाललेलंच नाही. निखिलच्या शाळेच्या आठवणी बाबांकडे पुष्कळ आहेत. माझ्या शाळेच्या नाहीत, कारण त्या वेळी ते त्याला सोडायला गेलेले असायचे. हे मी बोलले नाही. इथे लिहिते आहे.

पुन्हा गिरगाव

लालबागच्या उड्डाणपुलावरून दुपारी लवकर गिरगावात पोचता येतं. वाटेत मी एकच अट घातली : साहेबांना खाली बोलवायचं. आवारात शिरल्यावर बाबांनीच वॉचमनला वर निरोप द्यायला सांगितलं.

साहेब आले, मागून निखिल. कट्ट्यावर तीन ड्रायव्हर होते. मी साहेबांना नमस्कार केला, बॉनेट उघडलं आणि बाबांना क्लच दाबायला, सोडायला सांगितलं. खडखड, गप्प, खडखड. पेडर रोडच्या चढाचं सांगितलं. मग डिकीतून गोणपाट काढून साहेबांच्या पायाशी सोडलं.

"हे तुमच्या गाडीचं मूळ फ्लायव्हील. ते काढून हलकं बसवलंय, म्हणून आवाज येतो. क्लचला काही झालेलं नाही. बाबांनी बसवलेलं नाही."

साहेबांनी फ्लायव्हीलकडे पाहिलं, मग निखिलकडे. ते वकील होते, त्यांना आणखी काही विचारावं लागलं नाही.

"मी सांगणारच होतो, पप्पा," निखिल म्हणाला.

आता मी गप्प बसले असते तर गोष्ट तिथे संपली असती. पण अर्धं खरं सांगणं मला जमत नाही. मी म्हटलं, "बाबांचीही एक सवय बदलायला हवी. ते पेट्रोल वाचवायला वरचा गिअर लवकर टाकतात, त्याने गाडी घुमते. तो आवाज वेगळा. तो आजपासून येणार नाही."

निखिलच्या जिवात जीव आला. "बघा! म्हणजे गावडेकाकाही चुकीचं चालवतातच."

एका क्षणात सगळं उलटलं. बाबांची मान खाली गेली. मला त्या पोराचं तोंड त्या फ्लायव्हीलवर घासावंसं वाटलं. साहेबांनी कट्ट्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बरं, बरं. गैरसमज झाला. वर चला, चहा घ्या. वर बोलू."

"वर नको," मी म्हटलं. "तुम्ही बाबांना बोललात ते इथे, या सगळ्यांसमोर. मग गैरसमज झाला हेही इथेच, तेवढ्याच मोठ्याने सांगा."

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते बाबांना म्हणाले, "गावडे, मुलगी हुशार आहे तुझी. जरा सांभाळ तिला." आणि जिना चढून वर गेले.

बाबांनी गाडी पुसली, आच्छादन घातलं, चावी वॉचमनकडे दिली. लालबागच्या बसमध्ये, भायखळ्याला, बाबा म्हणाले,

"तुका कोणी सांगितलेला बोलूक? ती माजी नोकरी हा, तुजी परीक्षा नाय."

नोकरी त्यांचीच होती.

घरी

सोमवारी बाबा कामावर गेले नाहीत. ताप असल्याचं आईने फोनवर कळवलं. ताप नव्हता. ते गॅलरीत बसून राहिले. संध्याकाळी कट्ट्यावरचा एक ड्रायव्हर, सावंत, मुद्दाम लालबागला आला. चहा पिताना म्हणाला, "गावडे, पोरीन भारी केल्यान. पण आता तू साहेबांसमोर जातलस कसो?" बाबांनी विषय बदलून पावट्याच्या शेंगांच्या बाजारभावाचं काढलं.

या प्रवासातून काय राहिलं? आवाज शोधता येतो, याची खात्री राहिली. ज्यांना गाडीतलं काही कळत नाही असं गॅरेजवाले गृहीत धरतात, त्या सगळ्या मुलींना सांगते : क्लच दाबा, सोडा, ऐका, आणि गिअरबॉक्स उतरवू देऊ नका. राग राहिला. साहेबांवरचा, निखिलवरचा, आणि बाबांवरचाही. तो कमी झालेला नाही आणि कमी व्हावा असं मला वाटतही नाही. आणि मी ती दुसऱ्या आवाजाची गोष्ट सांगितली ते बरोबर की चूक, हेही राहिलंय. पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन. बाबांची मान मात्र आठवत राहील.

मंगळवारी सकाळी बाबांचा फोन वाजला. ते न्हाणीघरात होते. साहेबांचं नाव दिसलं आणि मी उचलला. साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, झालं गेलं विसरू, गावडेला आजपासून पाठव, लाल गाडी धुवायची आहे.

"खाली येऊन, सगळ्यांसमोर सांगणार असाल तर येतील," मी म्हटलं. "नाही तर नाही येणार."

"हे गावडे बोलतोय की तू?"

"मी बोलतेय," असं म्हणून मी फोन ठेवला.

बाबा टॉवेल गुंडाळून दारात उभे होते. त्यांनी किती ऐकलं होतं माहीत नाही, म्हणून मी शब्द न् शब्द त्यांना सांगितला.